दामोदर धर्मानंद कोसंबी

दामोदर धर्मानंद कोसंबी (जन्म : ३१ जुलै १९०७, कोसबे, गोवा, मृत्यू : २९ जून १९६६, पुणे) हे भारतीय गणितज्ञ, संख्याशास्त्रज्ञ, नाणकशास्त्रज्ञ, संस्कृत ग्रंथांचे संपादक आणि इतिहासकार होते. प्राचीन भारताच्या इतिहासलेखनाला त्यांनी दिलेल्या नव्या वळणामुळे ते सर्वसामान्य वाचकांना इतिहासकार म्हणून अधिक परिचित आहेत. तथापि त्यांचा व्यवसाय आयुष्यभर गणिताचाच होता. यादृच्छिक, म्हणजे निव्वळ योगायोगाने बदलत राहणाऱ्या, भौतिक राशींचे विश्लेषण करण्याची जी रीत त्यांनी १९४३ मध्ये मांडली, ती आज वायुगतिकी, हवामानशास्त्र, संदेशवहन आणि प्रतिमासंस्करण या क्षेत्रांत दैनंदिन वापरात आहे. संक्षोभी प्रवाहातील ऊर्जा कोठे साठते आणि कशी वाया जाते, हे समजून घेण्याचे ते एक प्रमुख साधन ठरले. ही रीत जगभर इतर दोन गणितज्ञांच्या नावाने प्रसिद्ध झाली आणि कोसंबींचे श्रेय बराच काळ दुर्लक्षित राहिले.

कुटुंब आणि बालपण

कोसंबींचे वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे नामवंत पंडित होते. गोव्यातील सांखवाळ या गावी जन्मलेल्या धर्मानंदांनी ज्ञानाच्या ओढीने घर सोडून पुणे, काशी, नेपाळ, श्रीलंका व ब्रह्मदेश असा प्रवास केला होता. दामोदर यांच्या आईचे नाव बाळाबाई. घरात दामोदर यांना 'बाबा' म्हणत आणि पुढे निकटच्या मित्रमंडळींतही हेच नाव रूढ झाले. धर्मानंद पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवीत असल्याने दामोदर यांचे प्राथमिक शिक्षण पुण्यात झाले.

धर्मानंदांना 'विशुद्धिमार्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्ड विद्यापीठाने अमेरिकेत बोलावले होते. १९१८ मध्ये दुसऱ्यांदा तेथे जाताना त्यांनी दामोदर आणि थोरली कन्या माणिक यांना बरोबर नेले. त्या वेळी दामोदर अकरा वर्षांचे होते. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज या गावी त्यांचे शालेय शिक्षण झाले. धर्मानंद भारतात परतल्यावरही ते शिक्षणासाठी तेथेच राहिले. परक्या देशात एकट्याने काढलेल्या या वर्षांनी त्यांच्या ठिकाणी स्वावलंबन, कष्टाळूपणा आणि कोणाचीही भीड न ठेवता मत मांडण्याची वृत्ती बाणली, असे त्यांचे चरित्रकार मानतात.

धर्मानंदांनी आयुष्याच्या अखेरीस वर्ध्याजवळील सेवाग्राम आश्रमात अन्नत्याग करून जून १९४७ मध्ये देह ठेवला. वडिलांच्या विद्वत्तेचा व निःस्पृहतेचा दामोदर यांच्यावर खोल परिणाम झाला होता. मात्र धर्मानंदांची श्रद्धा आणि दामोदर यांचा मार्क्सवादी भौतिकवाद यांच्या वाटा वेगळ्या राहिल्या.

उच्च शिक्षण

शाळा संपल्यानंतर कोसंबी काही काळ भारतात येऊन राहिले आणि जानेवारी १९२६ मध्ये वडिलांसमवेत पुन्हा अमेरिकेस गेले. हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी गणिताबरोबरच अनेक भाषांचा अभ्यास केला. गणितज्ञ जॉर्ज डेव्हिड बर्कहॉफ यांनी त्यांना गणितावरच लक्ष केंद्रित करण्याचा सल्ला दिला होता; कोसंबींनी तो न मानता विविध विषयांचे अभ्यासक्रम पूर्ण केले. याच काळात यादृच्छिक गतीच्या गणिताचा पाया घालणारे नॉर्बर्ट वीनर यांच्याशी त्यांचा परिचय झाला. १९२९ मध्ये कोसंबींनी विशेष प्रावीण्यासह पदवी मिळवली आणि 'फाय बीटा कॅपा' या मानाच्या संस्थेचे सदस्यत्व त्यांना देण्यात आले. पदवीनंतर त्यांना अमेरिकेत पुढील संशोधनासाठी आर्थिक साहाय्य मिळू शकले नाही व ते भारतात परतले. त्यांनी डॉक्टरेट कधीच घेतली नाही.

अध्यापन

भारतात परतल्यावर कोसंबी बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणित शिकवू लागले. त्याबरोबर ते जर्मन भाषाही शिकवीत. १९३० मध्ये लंबवर्तुळाकार कक्षेच्या परांचनाविषयीचा त्यांचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला. १९३१ मध्ये त्यांचा विवाह नलिनी मडगावकर यांच्याशी झाला. त्यांना माया आणि मीरा या दोन कन्या झाल्या. मीरा कोसंबी या पुढे समाजशास्त्रज्ञ व स्त्री-इतिहासाच्या अभ्यासक म्हणून प्रसिद्धीस आल्या.

फ्रेंच गणितज्ञ आंद्रे वेय त्या वेळी अलीगढ मुस्लिम विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख होते. त्यांच्या निमंत्रणावरून कोसंबी अलीगढला गेले. वेय यांच्या सूचनेवरून कोसंबींनी एका निबंधात एक प्रमेय 'डी. बुर्बाकी' या काल्पनिक रशियन गणितज्ञाच्या नावावर खपवले. एका आढ्यताखोर सहकाऱ्याची फजिती करण्यासाठी केलेली ही गंमत होती. पुढे वेय व त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी 'निकोला बुर्बाकी' हे सामूहिक टोपणनाव घेऊन आधुनिक गणिताची ग्रंथमाला लिहिली. गणिताच्या नियतकालिकात या नावाचा पहिला उल्लेख कोसंबींच्या १९३१ मधील त्या निबंधात आढळतो.

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीस कोसंबी पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले आणि १९४५ पर्यंत तेथे राहिले. पगार बेताचा, ग्रंथालयाची सोय मर्यादित आणि संशोधनात बरोबरीचे सहकारी जवळपास नाहीत, अशा परिस्थितीत त्यांनी भूमिती, संख्याशास्त्र, आनुवंशिकी, नाणकशास्त्र आणि संस्कृत पाठचिकित्सा या पाच क्षेत्रांतील आपले महत्त्वाचे काम या वर्षांत केले. १९३४ मध्ये त्यांना रामानुजन पारितोषिक मिळाले आणि १९३५ मध्ये ते भारतीय विज्ञान अकादमीचे फेलो झाले.

पथ-भूमिती

कोसंबींचे आरंभीचे संशोधन 'पथ-अवकाश' या विषयावर आहे. एखादी वस्तू कोणत्या मार्गाने जाईल हे दुसऱ्या कोटीच्या विकलक समीकरणांनी ठरत असेल, तर त्या मार्गांच्या समूहाला भूमितीचे कोणते नियम लागू होतात, हा त्यांचा प्रश्न होता. १९३३ मध्ये एका जर्मन नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. फ्रेंच भूमितिज्ञ एली कार्तां यांनी त्याच नियतकालिकात त्या निबंधास जोडून आपले विवेचन प्रसिद्ध केले आणि १९३९ मध्ये चिनी गणितज्ञ चर्न यांनी ते पूर्णत्वास नेले. तिघांच्या नावांनी ओळखला जाणारा 'कोसंबी–कार्तां–चर्न सिद्धांत' आजही वापरात आहे. जवळजवळ असलेले दोन मार्ग कालांतराने एकत्र राहतात की एकमेकांपासून दूर जातात, म्हणजेच एखादी भौतिक संहती स्थिर आहे की नाही, हे त्याच्या साहाय्याने तपासता येते.

यादृच्छिक फलने आणि ऊर्जा

१९४३ मध्ये भारतीय गणित संस्थेच्या नियतकालिकात कोसंबींचा 'स्टॅटिस्टिक्स इन फंक्शन स्पेस' हा निबंध प्रसिद्ध झाला. संख्याशास्त्रात तोपर्यंत बहुधा सुट्या मोजमापांचा विचार होत असे : माणसांची उंची, शेतातील पीक, कारखान्यातील वस्तूंचे वजन. परंतु निसर्गातील अनेक राशी सलग बदलत असतात. दिवसभरातील तापमान, नदीच्या पाण्याची पातळी, वाऱ्याचा वेग किंवा विद्युत्-मंडलातील गोंगाट यांचे प्रत्येक निरीक्षण म्हणजे एक संख्या नसून एक संपूर्ण वक्र असतो. उद्याचा वक्र आजच्यासारखा नसतो. मात्र असे पुष्कळ वक्र एकत्र पाहिले तर त्यांत काही सातत्य आढळते.

कोसंबींनी अशा प्रत्येक वक्रास फलन-अवकाशातील एक बिंदू मानले. एका क्षणीचे मूल्य व दुसऱ्या क्षणीचे मूल्य यांचा परस्परसंबंध दाखवणारे सहविचरण-फलन घेतले, तर त्यावरून एक समाकल समीकरण मांडता येते. त्या समीकरणाच्या उकली म्हणजे परस्परलंब अशा मूलभूत आकृत्यांची एक मालिका होय. कोणताही यादृच्छिक वक्र या आकृत्यांची बेरीज म्हणून लिहिता येतो आणि त्या बेरजेतील गुणकांचा एकमेकांशी सहसंबंध राहत नाही. एकात एक गुंतलेली यदृच्छा अशा रीतीने सुट्या घटकांत वेगळी होते.

या पद्धतीचा मुख्य गुण काटकसरीचा आहे. मालिकेतील पहिली पाच किंवा दहा पदे ठेवून उरलेली सोडून दिली, तर होणारी सरासरी वर्ग-चूक इतर कोणत्याही परस्परलंब मालिकेतील तितक्याच पदांनी होणाऱ्या चुकीपेक्षा कमी किंवा फार तर तिच्याइतकी असते. ज्या आकृत्यांनी वक्राचे विश्लेषण करायचे त्या आधीपासून ठरलेल्या नसतात. निरीक्षणांमधूनच त्या मिळतात.

भौतिकशास्त्रात या गुणाला ऊर्जेचा अर्थ प्राप्त होतो. प्रवाहाच्या वेगातील चढउतारांच्या वर्गाची सरासरी ही त्या चढउतारांच्या गतिज ऊर्जेचे माप असते. त्यामुळे वेगाच्या नोंदींना ही पद्धत लावल्यास पहिल्या आकृतीत ऊर्जेचा शक्य तितका मोठा वाटा येतो, दुसरीत उरलेल्यातील शक्य तितका मोठा वाटा येतो, आणि हाच क्रम पुढे चालू राहतो.

संक्षोभी प्रवाहाच्या अभ्यासात याचे महत्त्व विशेष आहे. नळातून वेगाने वाहणारे पाणी किंवा विमानाच्या पंखावरून जाणारी हवा यांत मोठे भोवरे निर्माण होतात, ते फुटून लहान होतात आणि अगदी लहान भोवऱ्यांची ऊर्जा द्रवाच्या श्यानतेमुळे उष्णतेत रूपांतरित होऊन नष्ट होते. मोठ्या भोवऱ्यांकडून लहानांकडे जाणाऱ्या ऊर्जेचे संख्याशास्त्रीय वर्णन रशियन गणितज्ञ कोल्मोगोरोव्ह यांनी १९४१ मध्ये केले होते. पंपाला किंवा इंजिनाला जी जादा शक्ती खर्चावी लागते, तिचे एक मुख्य कारण हा ऊर्जाक्षय आहे. १९६७ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन लम्ले यांनी संक्षोभी प्रवाहातील ऊर्जाधारी रचना ओळखण्यासाठी ही परस्परलंब विघटनाची पद्धत वापरण्याचे सुचवले. लाखो बिंदूंवरील वेगाचे वर्णन त्यामुळे थोड्या प्रमुख रचनांच्या समीकरणांत आणता येऊ लागले. त्या रचनांवर नियंत्रण ठेवून प्रवाहाचा रोध आणि त्याबरोबर वाया जाणारी ऊर्जा कमी करण्याचे प्रयत्न अभियंते करीत असतात. कोसंबींनी स्वतः संक्षोभी प्रवाहावर संशोधन केले नव्हते. त्यांचा निबंध शुद्ध गणिताचा व संख्याशास्त्राचा होता.

हीच पद्धत फ्रान्समध्ये मिशेल लोएव्ह यांनी आणि फिनलंडमध्ये कारी कारहुनेन यांनी स्वतंत्रपणे शोधली. दोघांचेही निबंध १९४३ नंतरचे आहेत. तरीसुद्धा गणिताच्या ग्रंथांत ही पद्धत 'कारहुनेन–लोएव्ह विस्तार' या नावानेच रूढ झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत एका भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला निबंध परदेशी गणितज्ञांच्या वाचनात फारसा आला नाही. कोसंबींनीही या विषयाचा पुढे विस्तार केला नाही. वायुगतिकीचे तज्ज्ञ रोद्दम नरसिंह यांनी कोसंबींच्या अग्रक्रमाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. अलीकडच्या काही लेखनात या विस्ताराच्या नावात कोसंबींचे नाव जोडले जाते.

आनुवंशिकी

१९४४ च्या सुमारास इंग्लंडमधील 'ॲनल्स ऑफ यूजेनिक्स' या नियतकालिकात कोसंबींचा अवघ्या चार पानांचा निबंध प्रसिद्ध झाला. गुणसूत्रावरील दोन जनुकांमधील अंतर प्रत्यक्ष मोजता येत नाही. संततीत ती जनुके किती वेळा वेगळी झाली यावरून, म्हणजे पुनःसंयोजनाच्या प्रमाणावरून, ते काढावे लागते. जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९१९ मध्ये दिलेल्या सूत्रात गुणसूत्रावरील विनिमय एकमेकांपासून पूर्णतः स्वतंत्र मानले होते. वास्तविक एका ठिकाणी विनिमय झाल्यास त्याच्या लगत दुसरा होण्याची शक्यता कमी होते. ही गोष्ट विचारात घेऊन कोसंबींनी नवे सूत्र मांडले. 'कोसंबी मानचित्रण फलन' या नावाने ते जगभरच्या आनुवंशिकीच्या पाठ्यपुस्तकांत आढळते. गहू, तांदूळ, कापूस यांसारख्या पिकांचे जनुकीय नकाशे तयार करणाऱ्या संगणक-प्रणालींत आजही त्याचा उपयोग केला जातो. या सूत्राशी कोसंबींचे नाव जोडलेले राहिले असले, तरी ते वापरणाऱ्या पुष्कळ जीवशास्त्रज्ञांना हेच कोसंबी इतिहासकार होते याची कल्पना नसते.

नाण्यांची झीज

संख्याशास्त्र स्वतः शिकताना सरावासाठी एखादा प्रत्यक्ष प्रश्न असावा, म्हणून कोसंबी प्राचीन चांदीच्या आहत नाण्यांकडे वळले. या नाण्यांवर राजाचे नाव किंवा सन नसतो. केवळ सूर्य, पर्वत, प्राणी अशी चिन्हे ठोकलेली असतात. त्यामुळे कोणते नाणे आधीचे व कोणते नंतरचे हे ठरवणे अवघड होते.

नाणे हातोहात फिरताना प्रत्येक व्यवहारात त्याची किंचित झीज होते. एका विशिष्ट नाण्याची झीज किती होईल हे सांगता येत नाही, कारण ते योगायोगावर अवलंबून असते. परंतु एकाच वेळी पाडलेल्या शेकडो नाण्यांचे सरासरी वजन काळाच्या प्रमाणात घटत जाते आणि त्यांच्या वजनांतील तफावत काळाबरोबर वाढत जाते. हा नियम तपासण्यासाठी कोसंबींनी चलनातील आधुनिक नाणी हजारोंच्या संख्येने अचूक तराजूवर स्वतः तोलली. आधुनिक नाण्यांवर सन छापलेला असल्यामुळे अनुमानाची थेट पडताळणी करता आली. १९४२ मध्ये त्यांनी 'करंट सायन्स'मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

त्यानंतर तीच रीत त्यांनी तक्षशिला येथील उत्खननात सापडलेल्या नाण्यांच्या साठ्यांना लावली. आहत नाण्यांच्या मागील बाजूस लहान लहान चिन्हे असतात. ही चिन्हे नाणी वेळोवेळी तपासणाऱ्या व्यापाऱ्यांनी उमटवली असावीत, असे अनुमान कोसंबींनी केले. मागील चिन्हांची संख्या जितकी अधिक, तितके नाण्यांचे सरासरी वजन कमी, असा संबंध त्यांना आढळला. त्यावरून नाण्यांच्या गटांचा कालक्रम लावता आला. त्यांच्या कालक्रमातील काही तपशिलांवर नंतरच्या नाणकशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले आहेत. मात्र नाण्याच्या झिजेला ऐतिहासिक पुराव्याचे स्थान देण्याची त्यांची पद्धत नाणकशास्त्रात महत्त्वाची मानली जाते.

नाण्यांवरील चिन्हे कोणत्या राजांची, हा प्रश्न त्यांना पुराणांतील वंशावळींकडे घेऊन गेला आणि तेथून ते संस्कृत साहित्याकडे व इतिहासाकडे वळले.

संस्कृत ग्रंथांचे संपादन

भर्तृहरीच्या नावावर असलेल्या शतकत्रयाची चिकित्सक आवृत्ती कोसंबींनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केली. त्यासाठी देशभरातील शेकडो हस्तलिखिते त्यांनी मिळवून ताडून पाहिली. मूळचे श्लोक कोणते आणि मागाहून शिरलेले कोणते, हे ठरवताना त्यांनी संख्याशास्त्रीय दृष्टी ठेवली. विद्याकराच्या 'सुभाषितरत्नकोष' या संग्रहाचे संपादन त्यांनी वा. वि. गोखले यांच्यासमवेत केले. ते १९५७ मध्ये हार्वर्ड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. कोसंबींची प्रस्तावना काव्याच्या वर्गीय पार्श्वभूमीची चर्चा करणारी असल्याने संस्कृत पंडितांमध्ये तिच्यावरून बराच वाद झाला.

इतिहासलेखन

१९५६ मध्ये प्रसिद्ध झालेला 'ॲन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी' हा ग्रंथ भारतीय इतिहासलेखनातील महत्त्वाचा टप्पा समजला जातो. राजांच्या नामावळी आणि लढाया यांऐवजी उत्पादनाची साधने आणि त्यांच्याशी निगडित मानवी संबंध यांच्या बदलाचा कालक्रमाने मांडलेला वृत्तान्त म्हणजे इतिहास, अशी भूमिका त्यांनी घेतली. मार्क्सची पद्धत स्वीकारताना युरोपच्या इतिहासातील टप्पे भारतावर जसेच्या तसे लादण्यास त्यांनी विरोध केला. टोळ्यांचे शेतकरी समाजात झालेले रूपांतर, जातिव्यवस्थेची जडणघडण आणि सरंजामशाहीचा उदय या विषयांवरील त्यांचे विवेचन पुढील संशोधकांना मार्गदर्शक ठरले.

ग्रंथांइतकाच त्यांचा भर प्रत्यक्ष भूमीवर होता. पुण्याच्या परिसरातील टेकड्या, जुन्या पायवाटा, धनगरांचे तळ, मावळातील ग्रामदैवते आणि घाटवाटांवरील लेणी त्यांनी पायी हिंडून पाहिली. सूक्ष्म अश्मास्त्रे गोळा केली. आजच्या ग्रामीण रूढींमध्ये प्राचीन समाजाचे अवशेष टिकून राहिले आहेत आणि इतिहासकाराने ते वाचले पाहिजेत, असे ते मानीत. 'मिथ अँड रिॲलिटी' या १९६२ च्या ग्रंथात पंढरपूरची यात्रा, मातृदेवतांची स्थाने आणि कार्ले परिसर यांविषयीचे त्यांचे संशोधन आले आहे.

टाटा मूलभूत संशोधन संस्था

१९४५ मध्ये होमी भाभा यांनी नव्याने स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कोसंबींना गणितासाठी बोलावून घेतले. राहण्यास ते पुण्यातच होते आणि पुणे–मुंबई प्रवास 'डेक्कन क्वीन'ने करीत. गाडीतील वेळ ते वाचन-लेखनासाठी वापरीत. १९४८-४९ मध्ये युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी इंग्लंड व अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक संगणकयंत्रांचा अभ्यास केला. शिकागो विद्यापीठात त्यांनी भूमितीचे अध्यापन केले आणि प्रिन्स्टन येथील वास्तव्यात आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्याशी त्यांच्या चर्चा झाल्या.

आरंभी भाभा आणि कोसंबी यांचे संबंध सौहार्दाचे होते. ते पुढे बिघडले. जागतिक शांतता चळवळीतील कोसंबींचा सहभाग, अणुऊर्जेविषयीची त्यांची उघड टीका आणि गणिताच्या विभागाची बदललेली दिशा ही त्याची कारणे सांगितली जातात. गणितातील एका वादाने हे अंतर अधिक वाढले. १९५९ मध्ये कोसंबींनी कृषी संख्याशास्त्राच्या एका भारतीय नियतकालिकात निबंध लिहून संभाव्यतेच्या मार्गाने रीमान गृहीतक सिद्ध केल्याचा दावा केला. मूळ संख्यांच्या विभागणीशी निगडित असलेले हे गृहीतक गणितातील अत्यंत कठीण प्रश्नांपैकी एक आहे. कोसंबींची सिद्धता तज्ज्ञांनी मान्य केली नाही. मूळ संख्या ठरलेल्या असतात. त्या यादृच्छिक असल्यासारख्या वागतात एवढ्यावरून त्यांच्याविषयी निश्चित विधान सिद्ध होत नाही, हा आक्षेप निर्णायक होता. या प्रकरणामुळे गणितज्ञ म्हणून त्यांच्या प्रतिष्ठेस मोठा धक्का बसला. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही.

कोसंबींनी त्यानंतरही हा विषय सोडला नाही. १९६३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात मूळ संख्यांच्या नमुना-विभागणीविषयी त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. 'एस. ड्युक्रे' या टोपणनावानेही त्यांनी काही निबंध लिहिले.

शांतता चळवळ आणि सौरऊर्जा

कोसंबी जागतिक शांतता परिषदेच्या कार्यात सक्रिय होते आणि त्या निमित्ताने चीन, सोव्हिएत संघ व अन्य देशांत त्यांचे दौरे झाले. अण्वस्त्रांच्या चाचण्यांना त्यांचा ठाम विरोध होता.

भारताच्या ऊर्जाधोरणाविषयी त्यांचे मत त्या काळाच्या प्रवाहाविरुद्ध होते. अणुऊर्जेकडे देशाच्या प्रगतीचे प्रतीक म्हणून पाहिले जात असताना कोसंबी सौरऊर्जेचा पुरस्कार करीत होते. जुलै १९६० मध्ये पुण्याच्या रोटरी क्लबमध्ये दिलेल्या व्याख्यानात त्यांनी हा विषय सविस्तर मांडला. अणुभट्टीचा खरा खर्च हिशेबात धरला जात नाही, किरणोत्सर्गी कचऱ्याचा प्रश्न सुटलेला नाही आणि भारतासारख्या भरपूर ऊन असलेल्या देशाने सूर्यापासून मिळणारी ऊर्जा वाया जाऊ देणे अविचाराचे आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. सौरऊर्जा जेथे हवी तेथेच निर्माण करता येते, त्यामुळे ती खेड्यांच्या विखुरलेल्या गरजांना अनुरूप आहे, असे ते म्हणत. ज्या संस्थेत ते नोकरीस होते तिचे संचालक भाभा हेच देशाच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचे प्रमुख होते. त्यामुळे ही भूमिका घेणे त्यांच्या दृष्टीने सोयीचे नव्हते.

अखेरची वर्षे आणि मृत्यू

टाटा संस्था सोडल्यानंतर सुमारे दोन वर्षे कोसंबींकडे कोणतेही नियमित पद नव्हते. १९६४ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांची मानद निवृत्त शास्त्रज्ञ म्हणून नियुक्ती केली व ते पुण्यातील महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेशी संलग्न झाले. १९६५ मध्ये 'द कल्चर अँड सिव्हिलायझेशन ऑफ एन्शंट इंडिया इन हिस्टॉरिकल आउटलाइन' हा त्यांचा बहुचर्चित ग्रंथ प्रसिद्ध झाला. २९ जून १९६६ रोजी पहाटे पुण्यातील राहत्या घरी झोपेतच त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ५८ वर्षांचे होते.

मूल्यमापन

कोसंबींचे काम इतक्या शाखांत विखुरलेले आहे की प्रत्येक शाखेतील अभ्यासकाला त्यांचा एकच पैलू दिसतो. इतिहासकारांनी त्यांचे गणित बाजूला ठेवले आणि गणितज्ञांना त्यांचा इतिहास हा छंद वाटला. मात्र गुणसूत्रावरील विनिमय, नाण्याची झीज, हस्तलिखितांतील पाठभेद, सलग बदलणारी भौतिक राशी आणि मूळ संख्यांची विभागणी या सर्व विषयांत त्यांचा प्रश्न एकाच प्रकारचा होता : एकेका घटनेत योगायोग असला तरी समूहात नियम असतो, तो कसा शोधावा. पहिल्या चार विषयांत या दृष्टीने त्यांना चिरस्थायी यश दिले. पाचव्यात तिच्या मर्यादा उघड झाल्या.

त्यांच्या स्वभावातील तिखटपणामुळे अनेक विद्वान दुखावले गेले. प्रतिपक्षाची टीका करताना ते हात राखून लिहीत नसत. गणितात शिष्यपरंपरा निर्माण न होण्यामागे हे एक कारण असल्याचे मानले जाते. इतिहासाच्या क्षेत्रात मात्र रामशरण शर्मा, रोमिला थापर आदी इतिहासकारांनी त्यांचे ऋण मान्य केले आहे.

सन्मान आणि स्मृती

रामानुजन पारितोषिक (१९३४)
भारतीय विज्ञान अकादमीचे फेलो (१९३५)
विद्यापीठ अनुदान आयोगाचा हरी ओम आश्रम पुरस्कार (मरणोत्तर, १९८०)
जन्मशताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याचे तिकीट (२००८)
गोवा सरकारतर्फे पणजी येथे त्यांच्या नावाने विचार-महोत्सव भरवला जातो.

ग्रंथसंपदा

द एपिग्राम्स ॲट्रिब्यूटेड टू भर्तृहरी (संपादन, १९४८)
ॲन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी (१९५६)
एक्झॅस्परेटिंग एसेज (१९५७)
सुभाषितरत्नकोष (वा. वि. गोखले यांच्यासह संपादन, १९५७)
मिथ अँड रिॲलिटी (१९६२)
द कल्चर अँड सिव्हिलायझेशन ऑफ एन्शंट इंडिया इन हिस्टॉरिकल आउटलाइन (१९६५)
कम्बाइन्ड मेथड्स इन इंडॉलॉजी अँड अदर रायटिंग्ज (मरणोत्तर संकलन, २००२)
सिलेक्टेड वर्क्स इन मॅथेमॅटिक्स अँड स्टॅटिस्टिक्स (राम रामस्वामी यांनी संपादित केलेले मरणोत्तर संकलन, २०१६)